हॉस्पिटलमधून घरी आल्यानंतरचे तीन महिने

आमच्या हाताखालून दहावी पास झालेली एक मुलगी. बारावीच्या वर्षात तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. घरच्यांनी वेळेवर हॉस्पिटलात नेलं, ती वाचली, चार दिवसांनी घरी आली. मोहल्ल्यात सांगितलं गेलं की बाहेरचं काही खाल्लं आणि पोट बिघडलं. डिस्चार्ज कार्डाच्या शेवटच्या ओळीत डॉक्टरांनी लिहिलं होतं, मानसोपचार विभागात आठ दिवसांनी दाखवा. अम्मीने ते कार्ड कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवून दिलं. आठ दिवसांनी कोणी गेलं नाही.

घरच्यांनी तिला जपलं नाही, असं मुळीच नाही. अब्बूंनी सदका दिला, फुफी दम केलेलं पाणी घेऊन आली, आवडीचं जेवण रोज होऊ लागलं. फक्त त्या एका गोष्टीवर घरात कोणी शब्द काढायचा नाही, असं न ठरवता ठरून गेलं. आम्हाला खरं काय ते कळलं होतं. पण आम्हीही गेलो नाही. आपण गेलो तर घरच्यांना अवघडल्यासारखं होईल, असं कारण आम्ही स्वतःला देत राहिलो. अडीच महिन्यांनी तिने पुन्हा तेच केलं. अल्लाहच्या मेहेरबानीने त्याही वेळी वाचली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.)

त्यानंतर स्टाफरूममध्ये, नातेवाइकांत, मस्जिदीच्या दारात एकच प्रश्न होता. घरच्यांना कळलं कसं नाही? एकदा झालं होतं, तर दुसऱ्यांदा होणार हे ओळखता यायला नको होतं का?

आम्हीही तेव्हा हेच विचारत होतो. नंतर या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो, डॉक्टरांशी बोललो, आणि लक्षात आलं की प्रश्नच चुकीचा आहे.

एक गोष्ट खरी. ज्याने एकदा प्रयत्न केला आहे त्याला पुन्हा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. स्वतःला इजा करून हॉस्पिटलात आलेल्या लोकांवर जे अभ्यास झाले, त्यांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक अभ्यास श्रीमंत देशांतले आहेत. वर्षभरात शंभरातले साधारण १६ जण पुन्हा इजा करून घेतात आणि शंभरातले दीड-दोन जण त्यातून दगावतात, असं त्यात दिसलं. मानसिक आजारासाठी दाखल होऊन घरी गेलेल्या रुग्णांचं पाहिलं, तर पहिले तीन महिने सर्वांत धोक्याचे. म्हणजे ज्या काळात आपण "आता बरी आहे, विषय काढू नका" म्हणतो, नेमका तोच काळ.

पण याच आकड्यांची दुसरी बाजूही वाचायला हवी. शंभरातले चौऱ्याऐंशी जण त्या वर्षात पुन्हा असं करत नाहीत. त्यामुळे "एकदा केलं की करणारच" हे आपल्याकडचं बोलणं खोटं आहे. आणि "धडा मिळाला, आता परत नाही करणार" हेही तितकंच खोटं. पहिल्या बोलण्याने मुलीचं लग्न, मुलाची नोकरी, सगळ्यावर शिक्का बसतो. दुसऱ्याने घर बेसावध होतं.

मग त्या शंभरातले सोळा कोण, हे आधी ओळखता येईल का? तज्ज्ञांनी यासाठी आयुष्यं घातली. प्रश्नावल्या केल्या, गुण देण्याच्या पद्धती केल्या, अलीकडे संगणकही कामाला लावला. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मागच्या पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून तपासले. निष्कर्ष असा की या धोक्याच्या खुणांवरून वर्तवलेला अंदाज नाणं उडवून सांगितलेल्या उत्तरापेक्षा किंचितच बरा ठरतो. मानसोपचाराच्या रुग्णांवरच्या दुसऱ्या एका आढाव्यात दिसलं की ज्यांना 'जास्त धोका' या रकान्यात टाकलं त्यांतले शंभरातले ९५ आत्महत्या करत नाहीत, आणि ज्यांनी केली त्यांतले जवळपास निम्मे 'कमी धोका' या रकान्यात होते. निम्मे! म्हणूनच ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं आहे की पुन्हा प्रयत्न कोण करेल हे ठरवण्यासाठी अशा मोजपट्ट्या वापरू नका, आणि कोणाला मदत द्यायची हेही त्यावरून ठरवू नका.

जे काम पन्नास वर्षं खपून तज्ज्ञांना जमलं नाही, ते त्या अम्मीला जमायला हवं होतं, असं आपण किती सहज म्हणून गेलो. तिने मुलीला हसताना पाहिलं, जेवताना पाहिलं, तिला वाटलं बरं चाललं आहे. त्यात तिचं काय चुकलं?

ओळखता येत नाही, तर मग करायचं काय? याचं उत्तर आहे, आणि ते आपल्या भागातून, आपल्यासारख्या घरांतून आलेलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच शहरांत एक अभ्यास केला. ब्राझीलचं कॅम्पिनास, आपलं चेन्नई, श्रीलंकेचं कोलंबो, इराणमधलं करज आणि चीनचं युनचेंग. आत्महत्येचा प्रयत्न करून हॉस्पिटलात आलेले १,८६७ लोक त्यात घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला त्या हॉस्पिटलात जे नेहमी मिळतं तेवढंच मिळालं. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाशी घरी जायच्या सुमारास कोणीतरी तासभर बसून बोललं. हे का होतं, पुन्हा मनात आलं तर काय करायचं, कुठे जायचं, हे समजावलं. त्यानंतर दीड वर्षात नऊ वेळा त्यांच्याशी संपर्क ठेवला, फोनवर किंवा घरी जाऊन. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्याला. मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्याला. संपर्क करणाऱ्याकडे वैद्यकीय प्रशिक्षण होतं, पण प्रत्येक भेटीत मोठा उपचार नव्हता. कसं आहे, काही अडचण आहे का, मदत हवी आहे का, एवढंच.

दीड वर्षानंतर पाहिलं तेव्हा पहिल्या गटातले २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले होते. दुसऱ्या गटातले ०.२ टक्के. २००८ साली हे निष्कर्ष छापून आले. चेन्नईचं काम 'स्नेहा' या संस्थेच्या संस्थापक डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी पाहिलं. 'स्नेहा' १९८६ पासून आत्महत्या रोखण्याचं काम करते आहे.

इथे एक गोष्ट लपवता कामा नये. त्याच अभ्यासात नंतर असंही दिसलं की पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांचं प्रमाण सगळ्या शहरांत मिळून फारसं कमी झालं नाही. मृत्यू घटले, प्रयत्न नाहीत. म्हणजे नऊ फोन हा काही जादूचा उपाय नाही. दुःख, कर्ज, मारझोड, निकालाची भीती हे फोनने जात नाही. पण माणूस जिवंत राहिला तर त्याच्या बाकीच्या अडचणींवर पुढे काही करता येतं.

तेहरानमधला अभ्यास आम्हाला जास्त जवळचा वाटला. तिथल्या लोकमान हॉस्पिटलात विषबाधेचे २,३०० रुग्ण घेतले. निम्म्यांना वर्षभरात आठ पत्रं पाठवली आणि एक वाढदिवसाला. दोन-चार ओळींची, तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा, या धर्तीची. उत्तराची अपेक्षा नाही, उपदेश नाही. वर्षअखेर पत्रं न मिळालेल्यांपैकी ५.१ टक्क्यांनी पुन्हा प्रयत्न केला होता, पत्रं मिळालेल्यांपैकी ३ टक्क्यांनी. ही कल्पना मुळात सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. जेरोम मोटो यांची. हॉस्पिटलातून गेल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ लोकांवर त्यांनी ती आजमावली. ज्यांना पत्रं गेली त्यांच्यात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्या लक्षात येण्याइतक्या कमी झाल्या. ऑस्ट्रेलियात मात्र निकाल संमिश्र लागला. तिथे पुन्हा प्रयत्न करणारी माणसं कमी झाली नाहीत, पण एकूण प्रयत्नांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. जिथे दवाखाने, समुपदेशक आधीच हाताशी आहेत तिथे पत्राचा फरक कमी पडतो आणि जिथे काहीच नाही तिथे जास्त, असा आमचा अंदाज. आपण कोणत्या बाजूला आहोत हे सांगायला नको.

या सगळ्यात आम्हाला महत्त्वाचं वाटलं ते हे, की कोणालाही वेगळं काढलेलं नव्हतं. धोका जास्त की कमी, हे न बघता सगळ्यांनाच फोन, सगळ्यांनाच पत्र. ओळखण्याचा नाद सोडला आणि काम सुरू झालं.

आता आपल्या राज्याकडे वळू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. विद्यार्थ्यांच्या आत्महत्या देशभरात १३,०४४, आणि त्यातही महाराष्ट्र पहिला. कारणांच्या यादीत सर्वांत वर काय आहे? घरगुती अडचणी, जवळपास एक तृतीयांश. हे मृत्यूंचे आकडे झाले. जे प्रयत्न करून वाचले, त्यांची मोजदाद या अहवालात नाही. ज्यांना फोन करायचा, त्यांची यादीच नाही.

कायदा मात्र बदलला आहे, आणि ही गोष्ट आपल्या घराघरात पोचलेली नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, कलम ११५ मध्ये सांगितलं की असा प्रयत्न करणारा तीव्र मानसिक तणावाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यात ३०९ राहिलंच नाही. फक्त सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये गुन्हा ठेवला आहे. हॉस्पिटल अजूनही पोलिसांना कळवतं, जबाब घेतला जातो, त्यामुळे घरचे घाबरतात आणि 'चुकून झालं' असं लिहून घेतात. ही भीती आपल्या वस्तीत इतरांपेक्षा जास्त आहे, का ते आपल्याला माहीत आहे. पण 'चुकून झालं' लिहिलं की मानसोपचाराची चिठ्ठीही मिळत नाही. जी वाट खुली झाली आहे ती आपणच बंद करून घेतो.

त्याच कलम ११५ चा दुसरा भाग तर कोणी बोलतच नाही. असा प्रयत्न पुन्हा होऊ नये म्हणून त्या व्यक्तीची देखभाल, उपचार आणि पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असं त्यात लिहिलेलं आहे. कर्तव्य, मेहेरबानी नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केलं, २०३० पर्यंत आत्महत्या १० टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट ठेवलं आणि पाच वर्षांत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली अशी ओपीडी सुरू करायचं म्हटलं. ठीक आहे. पण ओपीडी उघडून पेशंटची वाट बघणं आणि घरी गेलेल्या पेशंटला फोन लावणं, यात फार अंतर आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू झाला तेव्हा आशा ताई घरोघर जाऊन विचारपूस करत होत्या. म्हणजे माणसं आहेत, घरं माहीत आहेत. डिस्चार्जच्या दिवशी हॉस्पिटलाने नाव आणि नंबर पुढे द्यायचा आणि ठरलेल्या तारखांना कोणीतरी संपर्क करायचा, एवढी साखळी जोडायची आहे. आपले नगरसेवक, आमदार गटारं आणि रस्त्यांसाठी निवेदनं घेतात. एक निवेदन यासाठीही द्यायला हरकत नाही.

सरकार करील तेव्हा करील. आमचा खरा सवाल आपल्या स्वतःकडे आहे.

आपल्याकडे इयादत आहे. मुसलमानाचे मुसलमानावर जे हक्क हदीसमध्ये मोजले आहेत, त्यात आजाऱ्याला भेटायला जाणं आहे. मोहल्ल्यात कोणाचा पाय मोडला तर संध्याकाळपर्यंत दहा घरांतून माणसं येतात, कोणी फळं आणतं, कोणी शोरबा. बायपास झालं तर महिनाभर रीघ असते. आणि हा एकच आजार असा, की ज्यात आपण दार लावून घेतो. चेन्नई आणि तेहरानच्या डॉक्टरांनी ज्याला अभ्यास म्हटलं, ते दुसरं काय आहे? ठरलेल्या दिवशी केलेली इयादत. फरक एवढाच की आपली इयादत पहिल्या आठवड्यात आटोपते आणि त्यांची वर्ष-दीड वर्ष चालली.

"पण खुदकुशी हराम आहे" असं लगेच म्हटलं जाईल. आहे, त्यात वाद नाही, आणि त्या मुलीला ते तिच्या मदरशातल्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेल्या माणसाला जहन्नमची वर्णनं ऐकवून काय साधतं? सहीह मुस्लिममध्ये हजरत तुफैल बिन अम्र दौसी (रजि.) यांच्या एका साथीदाराची हकीकत आहे. त्यांच्याबरोबर हिजरत करून तो मदीनेला आला, आजारी पडला, वेदना सोसवेनात म्हणून त्याने स्वतःला इजा करून घेतली आणि त्यातच गेला. हजरत तुफैल यांनी त्याला स्वप्नात चांगल्या अवस्थेत पाहिलं, फक्त हात झाकलेले होते. ते स्वप्न त्यांनी पैगंबर साहेबांना (स.) सांगितलं तेव्हा आपण (स.) त्याच्या हातांसाठीही माफीची दुआ केली. जो गेला त्याच्यासाठी ही रहमत आहे. जो अजून श्वास घेतो आहे, त्याच्याशी आपण कसं बोलावं हे मग इमाम साहेबांनीच एखाद्या जुम्याला सांगावं.

बोलायचं काय, हा प्रश्न मात्र खरा आहे, आम्हालाही पडला होता. डॉक्टरांनी सांगितलं ते सोपं होतं. सरळ विचारा, पुन्हा तसं मनात येतं का? विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर भाषण नको, भांडण नको, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. घरातली औषधं, शेतीची किंवा साफसफाईची विषारी द्रव्यं काही महिने कुलुपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. ती तीव्र वेळ बहुतेकदा काही तासांची असते, तेवढ्यात हाताशी काही नसलं तरी जीव वाचतो. आणि एक कागद करा, त्या व्यक्तीबरोबर बसून. मन बिघडायला लागलं हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी एकटा काय करू शकतो, कोणाकडे जाऊन बसू शकतो, कोणाला सांगू शकतो, कोणत्या डॉक्टरला फोन करायचा. अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत असा कागद आणि नंतरचे फोन दोन्ही दिले, तेव्हा सहा महिन्यांत आत्मघाती प्रकार ४५ टक्क्यांनी कमी आढळले. हा २०१८ चा अभ्यास. कागद उर्दूत लिहा, मराठीत लिहा, चालतो.

आपल्या घरांत एक अडचण वेगळी आहे. हॉस्पिटलातून फोन येतो तो अब्बूंच्या किंवा भाईच्या नंबरवर, आणि उत्तर तेच देतात: "हो, बरी आहे." मुलीपर्यंत फोन पोचतच नाही. कधी कधी तर त्रासाचं कारणच फोन उचलणारा असतो. सूनबाईंच्या बाबतीत हे फार होतं. म्हणून डिस्चार्जच्या वेळीच एका बाईचा नंबर द्या, जिच्याशी ती मोकळं बोलते. खाला, मोठी बाजी, मैत्रीण, शिक्षिका. घरी भेटायला येणारीही बाई असावी आणि पाच मिनिटं तरी दोघींना एकटं सोडावं.

सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. आपल्या किती घरांत हा नंबर माहीत आहे, हे आम्ही आमच्या पालकसभेत विचारलं होतं. दोन हात वर झाले.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या वेळी दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं होतं. तिथल्या समाजसेविका बाईंनी डिस्चार्जच्या आधी अम्मीला बाजूला घेऊन तासभर समजावलं आणि मुलीच्या खालाचा नंबर घेतला. आठव्या दिवशी त्यांचा फोन आला, मग पंधराव्या दिवशी. गोळ्या सुरू झाल्या. आम्ही शनिवारी शाळा सुटल्यावर जायला लागलो, पहिल्या शनिवारी तर काय बोलावं सुचलं नाही, चहा पिऊन परत आलो. तिसऱ्या शनिवारी तिने स्वतःच अकाउंट्सचं पुस्तक काढलं. मधे एक वाईट आठवडा आला होता, तेव्हा तिने खालाला रात्री एक वाजता फोन केला आणि खाला रिक्षा करून आली. बारावी तिने एक वर्ष उशिरा दिली. समाजसेविका बाईंच्या पुढच्या फोनची तारीख अम्मीने आता कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी लिहून ठेवली आहे.